सासूबाईंना समुद्र दाखवायचा आहे. खोली कुठे घ्यावी?

वाचकाचे पत्र

आमचे गाव दारव्हा तालुक्यात आहे. 5 एकर कोरडवाहू शेती, त्यात कापूस आणि तूर. सासूबाई 71 वर्षांच्या आहेत. पंढरपूर, माहूर, शेगाव हे सर्व त्यांनी पाहिले, पण समुद्र कधी पाहिला नाही, आणि अलीकडे त्या तसे बोलून दाखवतात. त्या माळकरी आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. यंदा कापसाच्या चुकाऱ्यातून 25 हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. आम्ही दोघे, सासूबाई आणि 9 व 13 वर्षांची दोन मुले असे पाच जण जाणार आहोत. मोबाइलवर पाहिले, तर समुद्राला लागून असलेली खोली दिवसाला साडेतीन-चार हजारांच्या खाली दिसत नाही. एका माणसाने 1200 रुपयांत देतो असे फोनवर सांगितले, पण चारही दिवसांचे पैसे आधी पाठवा म्हणून त्याने क्यूआर कोड पाठवला आहे. उद्या संध्याकाळपर्यंत पैसे आले नाहीत, तर खोली दुसऱ्याला देईन, असे तो म्हणतो. काय करावे?

उत्तर

ताई, पहिली गोष्ट ही की त्या माणसाला पैसे पाठवू नका. तो लबाडच आहे असे मी येथे बसून म्हणू शकत नाही, परंतु बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्शात खोली, पूर्ण रक्कम आगाऊ आणि उद्या संध्याकाळची मुदत, या तीन गोष्टी एकत्र आल्या की व्यवहार तेथेच थांबवावा. खऱ्या घरमालकाला चार दिवसांसाठी येणाऱ्या कुटुंबाला घाबरवण्याचे कारण नसते. तुम्ही आधीच काही रक्कम पाठवली असेल, तर आजच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. तक्रार जितकी लवकर पोहोचते, तितकी ती रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता अधिक असते.

आता खोलीकडे वळू. तुमचे 25 हजार पुरतील असे मला वाटते, मात्र आपण विदर्भातली माणसे कोकणात जातो तेव्हा खोली शोधण्याचा क्रम थोडा उलटा धरावा लागतो. पुण्या-मुंबईचा माणूस आधी खोली पाहतो आणि मग गाडीत बसतो. आपल्याला आधी गाडी पाहावी लागते, कारण गाडी कोणत्या वारी पोहोचते यावर खोलीचा भाव ठरतो. नागपूर–मडगाव ही विशेष गाडी वर्धा, धामणगाव, बडनेरा, अकोला, शेगाव असे थांबे घेत, कल्याण-पनवेलमार्गे कोकण रेल्वेला लागते आणि रत्नागिरीला थांबते, त्यामुळे मुंबईत सामान घेऊन गाडी बदलण्याचा त्रास सासूबाईंना होत नाही. गेली काही वर्षे ती नागपूरहून बुधवारी व शनिवारी आणि मडगावहून गुरुवारी व रविवारी सुटत आली आहे. विशेष गाडी असल्यामुळे तिची मुदत ठरावीक काळाने वाढवली जाते, म्हणून खोलीवाल्याला फोन करण्याआधी बडनेरा किंवा धामणगाव स्थानकावर तिचे वार आणि वेळ खात्रीने विचारून घ्या.

शनिवारच्या गाडीने निघालात, तर रविवारी तुम्ही कोकणात उतरता, आणि नेमके त्याच दुपारी शनिवार-रविवारसाठी आलेले मुंबई, पुणे आणि कोल्हापूरकडचे लोक खोल्या रिकाम्या करून परतीला लागतात. रविवार ते गुरुवार या चार रात्री किनाऱ्यावरच्या गावांत सर्वांत मोकळ्या असतात. मोबाइलवर तुम्हाला जो चार हजारांचा भाव दिसला, तो बहुधा शनिवारचा किंवा सुट्टीच्या आठवड्याचा असावा. गुरुवारी मडगावहून निघालेली परतीची गाडी रत्नागिरीला रात्री येते, म्हणजे चार मुक्काम बरोबर बसतात. यात एकच अडचण आहे आणि ती आधी बोलून ठेवली पाहिजे. खोली सकाळी 10 वाजता सोडण्याची पद्धत असते आणि गाडी तर रात्री असते. त्या मधल्या वेळात सामान पडवीत ठेवू द्याल का, सासूबाईंना दुपारी आडवे व्हायला कॉट द्याल का, संडास-बाथरूम वापरू द्याल का, हे खोली ठरवतानाच विचारा. घरगुती राहण्याची सोय करणारे लोक याला सहसा नाही म्हणत नाहीत. फार तर अर्ध्या दिवसाचे पैसे मागतील आणि ते देणे योग्य आहे.

महिना कोणता निवडावा, हे तुमच्या शेतानेच बरेचसे ठरवले आहे. तूर निघून जाईपर्यंत आणि कापसाच्या शेवटच्या वेचण्या आटोक्यात येईपर्यंत घर सोडता येत नाही, म्हणजे माघ महिना. कोकणातही तो उत्तम. डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा, कारण त्या दिवसांत तुमच्या बजेटात पडवीसुद्धा मिळणार नाही. शिमग्यात आणि गणपतीत कोकणातल्या घरांमध्ये त्यांचीच माणसे मुंबईहून आलेली असतात, आणि घरचे पाहुणे असताना भाड्याच्या पाहुण्याला जागा उरत नाही. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते हे खरे, पण चाकरमान्यांनाही असते, आणि दमट उकाडा आपल्या कोरड्या उन्हाची सवय असलेल्या म्हाताऱ्या माणसाला फार थकवतो. मुलांची चार-पाच दिवसांची शाळा बुडेल. गुरुजींना आधी सांगा आणि न्या.

गाव कोणते, हे तुम्ही विचारले नाही, पण खोलीचा प्रश्न गावाशिवाय सुटत नाही. तारकर्ली-देवबाग सुंदर आहे, मात्र तेथपर्यंत पोहोचायला आणखी काही तास लागतात आणि तेथील भाव पाण्यातल्या खेळांसाठी येणाऱ्या तरुण मंडळींनी वर नेले आहेत. अलिबाग-नागाव मुंबईच्या दाराशी असल्याने महाग पडते. तुमच्यासाठी मी गणपतीपुळे आणि त्याला लागून असलेले मालगुंड सुचवेन. रत्नागिरीहून आरे-वारेच्या किनारी रस्त्याने ते 25 किलोमीटरच्या आसपास आहे आणि रत्नागिरीहून तेथे एस.टी. जाते. 17 मार्च 2023 पासून एस.टी.त सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे, सासूबाईंना तर 65 वर्षांवरील म्हणूनही सवलत आहे. त्यांचे आधार कार्ड हाताशी ठेवा, पिशवीच्या तळाशी नको. शिवाय गणपतीपुळ्याला देऊळ थेट किनाऱ्यावर आहे. समुद्र पाहायला जाते म्हणायला संकोचणारी माळकरी बाई देवदर्शनाला जाते असे आनंदाने गावभर सांगू शकेल.

तेथे राहण्याचे तीन मार्ग आहेत. देवस्थानाचे भक्तनिवास आहे. शेगावच्या भक्तनिवासात उतरण्याची सवय असलेल्या तुमच्या घराला ती पद्धत परकी वाटणार नाही, आणि फोन करून सर्वांत आधी तेथेच विचारावे. पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान समुद्रासमोर आहे, जागा अतिशय चांगली आहे, पण पाच जणांना चार रात्री तेथे राहायचे तर तुमचा हिशेब कोलमडेल. तिसरा मार्ग म्हणजे घरगुती खोली, आणि माझा कौल त्याच मार्गाला आहे. देवळाच्या शेजारच्या गल्ल्या सोडून मालगुंडच्या बाजूला गेलात, की नारळी-पोफळींच्या वाड्यांमध्ये ‘राहण्याची व जेवणाची घरगुती सोय’ अशा पाट्या दिसतात. मालकाचे घर पुढे आणि मागे किंवा बाजूला बांधलेल्या दोन-चार खोल्या, असे त्यांचे रूप असते. अशा खोलीतून समुद्र दिसत नाही. रात्री सगळे निजल्यावर त्याची गाज मात्र ऐकू येते, आणि पायी दहा मिनिटांत वाळू लागते.

समुद्र खिडकीतून दिसलाच पाहिजे हा हट्ट सोडलात, तर तुमचा निम्मा प्रश्न सुटतो. हे मी अनुभवाने सांगते. काही वर्षांपूर्वी मी माझ्या आईला किनाऱ्यावरच्या एका गावी घेऊन गेले होते. फोटोत खिडकी होती आणि खिडकीत समुद्र होता, म्हणून दिवसाला 700 रुपये जास्त मोजून मी ती खोली घेतली. समुद्र खरोखरच दिसत होता, परंतु खोली वरच्या मजल्यावर होती, जिना बाहेरून चिऱ्याचा, एकेक पायरी गुडघ्याएवढी, आणि संडास खाली वाडीच्या कडेला होता. आई दिवसातून दोनदाच खाली उतरायची. पाणी कमी प्यायले की उतरावे लागत नाही, हे तिने पहिल्याच दिवशी मनाशी ठरवून टाकले होते आणि ते मला तिसऱ्या दिवशी कळले, जेव्हा तिला चक्कर आली. घरमालकाची त्यात काहीच चूक नव्हती. मी खिडकीबद्दल चार प्रश्न विचारले होते आणि जिन्याबद्दल एकही नाही.

म्हणून फोनवर बोलताना फोटो मागण्याआधी सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल बोला. खोली तळमजल्यावर आहे का, दारात किती पायऱ्या आहेत, संडास-बाथरूम खोलीला जोडून आहे का, कमोड आहे का की बसायचे आहे, धरायला भिंतीला काही आहे का, हे सरळ विचारा. कमोड नसेल आणि बाकी सर्व पटले, तर घडीची कमोड खुर्ची यवतमाळात विकत किंवा भाड्याने मिळते का ते पाहा. एवढ्यासाठी चांगले घर सोडू नका. वाडीतून किनाऱ्याकडे जाणारी वाट कशी आहे हेही विचारा. कोकणात ‘पाखाडी’ म्हणजे दगडी पायऱ्यांची उतरती वाट, आणि तिकडच्या माणसाला ती वाट सोपीच वाटते. तो ‘अगदी पाच मिनिटे’ म्हणेल ते मनापासून म्हणेल, पण ती त्याची पाच मिनिटे आहेत. वाट सपाट आहे का आणि रिक्षा दारापर्यंत येते का, या दोन प्रश्नांनी खरे चित्र समोर येते.

पाण्याचा प्रश्नही विसरू नका. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचे पाणी मचूळ असते. आंघोळीला चालते, पण पिण्याला आणि गुडघेदुखीच्या गोळ्यांबरोबर रोज घेण्याला नको वाटते. पिण्याचे पाणी कोठून येते ते विचारा. सकाळी गरम पाणी किती वाजता मिळते, वीज गेली तर पंख्याची काही सोय आहे का, मच्छरदाणी आहे का, एवढे विचारले की पुरे. वातानुकूलित खोली माघ महिन्यात लागणारच नाही, तिच्यासाठी पैसे देऊ नका.

जेवणाचे सविस्तर बोला, कारण घरगुती खोलीत मालकाचे उत्पन्न खोलीपेक्षा जेवणावर जास्त अवलंबून असते आणि भाव कमी करून घेण्याची खरी जागाही तीच आहे. ‘आम्ही पाच जण चारही दिवस दोन्ही वेळ तुमच्याकडेच जेवू, एका खोलीत दोन गाद्या जादा घालून राहू, रविवार ते गुरुवार येऊ, तर चार मुक्कामांचे सगळे मिळून काय घ्याल?’ असे एका वाक्यात विचारले, की समोरच्यालाही हिशेब करता येतो. तेथे आठवडी बाजारासारखी घासाघीस करू नये. एकदा विचारावे, आलेला आकडा परवडत असेल तर होय म्हणावे, नसेल तर आभार मानून दुसरीकडे फोन करावा. मात्र भाव खोलीमागे आहे की माणसामागे, गाद्यांचे वेगळे पैसे आहेत का, मुलांचे ताट अर्धे धरणार का, हे त्याच वेळी स्पष्ट करून घ्या. निघतानाचे बहुतेक वाद या तीन गोष्टींवरून होतात. समजा, खोली 1500 रुपयांना पडली, तरी चार रात्रींचे 6000 होतात आणि प्रवास व जेवण यांसाठी तुमच्याजवळ 19 हजार उरतात. तेव्हा 1200 च्या आकड्याला चिकटून राहू नका. तळमजला आणि जोडलेले बाथरूम मिळत असेल, तर 300 रुपये जास्त देणे शहाणपणाचे आहे.

सासूबाई माळकरी आहेत, हे पहिल्याच फोनमध्ये सांगा. मासे हे तिकडचे रोजचे अन्न आहे आणि तसेच ते असले पाहिजे. आपण पाहुणे आहोत. ज्या घरी फक्त शाकाहारी स्वयंपाक होतो अशी घरे गणपतीपुळे-मालगुंड भागात देवळामुळे मिळतात, म्हणून तसेच घर निवडावे, म्हणजे कोणाच्याच मनाला लागत नाही. तांदूळ तिकडे दोन्ही वेळ असतो. सासूबाईंना ज्वारीच्या भाकरीशिवाय चालत नसेल, तर दोन किलो पीठ घरून न्या आणि मालकीणबाईंना ‘भाकरी मी थापते, चूल वापरू द्या’ असे विनंतीने विचारा. माझ्या आईसाठी मी तसे केले होते. तिसऱ्या दिवशी त्या घरची सूनच आईकडून हातावर भाकरी थापायला शिकत होती.

आता पैसे देण्याबद्दल. दोन-तीन घरे पसंत पडली, की त्यांपैकी जे सर्वांत चांगले वाटेल तेथे व्हिडिओ कॉल करा आणि मालकाला फोन हातात धरून रस्त्यावरच्या पाटीपासून खोलीपर्यंत चालत यायला सांगा. खोटी जाहिरात देणारा फोटो कितीही पाठवील, पण पाटी, विहीर, पायरी, न्हाणीघर असे सलग चालून दाखवू शकणार नाही. खरा मालक हसत हसत दाखवतो, आणि वाटेत त्याचा कुत्राही दिसतो. त्यानंतर एका रात्रीच्या भाड्याइतकीच आगाऊ रक्कम पाठवा. पाठवण्याआधी मोबाइलवर खातेदाराचे जे नाव येते, ते मालकाने सांगितलेल्या नावाशी जुळते का ते पाहा. जुळत नसेल तर तेथेच थांबा आणि कारण विचारा. पैसे परत मिळवण्यासाठी कोड स्कॅन करायला कोणी सांगितले, तर तो फसवत आहे हे नक्की समजा, कारण कोड स्कॅन करून आणि पिन टाकून पैसे केवळ जातात, येत नाहीत. रक्कम पोहोचल्यावर ठरलेल्या सर्व गोष्टी, म्हणजे तारखा, माणसे, भाव, गाद्या आणि गुरुवारी दुपारची सोय, एका व्हॉट्सअॅप संदेशात लिहून पाठवा आणि ‘होय’ असे उत्तर मागून घ्या. हा अविश्वास नव्हे. चार ठिकाणचे पाहुणे सांभाळणाऱ्या माणसालाही लिहिलेले बरे पडते.

तारखा ठरवताना शक्य असेल तर माघी पौर्णिमेच्या आसपासचे दिवस धरा, आणि संकष्टीच्या आत परत फिरा, कारण चतुर्थीला गणपतीपुळ्यात गर्दी होते आणि खोल्यांचे भाव चढतात. पौर्णिमेचे दुसरेही कारण आहे. कोकणातली जुनी माणसे तिथीला पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला हीच वेळ सव्वाअकराच्या आसपास येते, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास ओहोटी असते आणि उन्हे उतरताना रुंद, सपाट, ओली वाळू मोकळी होते. पुढे रोज ती वेळ पाऊण तासाने सरकते. तुमच्या सासूबाईंना तिथी तोंडपाठ असणारच. हे गणित त्यांना सांगा, त्या तुमच्यापेक्षा लवकर करतील. त्या ओल्या कडेवर त्यांना घोट्याएवढ्या पाण्यात उभे करा, त्यापुढे नको. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसतो तितका सौम्य नाही, तेथे माणसे बुडाली आहेत, आणि नदी-तळ्यात पोहणाऱ्या आपल्या मुलांना लाटेची परत ओढ ठाऊक नसते. मुलांचा हात एका मोठ्या माणसाच्या हातात असलाच पाहिजे.

शेवटचे एक मागणे घरमालकाकडे आवर्जून करा: प्लास्टिकची एक खुर्ची. वाळूत बसले की गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठता येत नाही, आणि उठता येणार नाही या धास्तीने म्हातारी माणसे बसतच नाहीत, उभ्या उभ्या समुद्र पाहून ‘चला आता’ म्हणतात. तुमच्या यजमानांनी ती खुर्ची खांद्यावर टाकून दहा मिनिटे चालावे. ओल्या वाळूत तिचे पाय रुततात, म्हणून खाली ठेवायला एखादी फळी सोबत न्यावी, आणि परत देताना ती गोड्या पाण्याने धुऊन द्यावी.